दीड पुस्तक

ठरलं ते भरिताच्या पार्टीत.
पऱ्हाटीच्या आचेवर वांगी तडकत होती
आणि नसीबा तडवी मॅडम म्हणाल्या,
यंदा डिसेंबरभर जर्मन.
फक्त जर्मन. माणशी पाच पुस्तकं.
मराठी मिळालं तर मराठी, नाही तर हिंदी, इंग्रजी,
हाताला लागेल ते.
सुपडू भंगाळे बडगीत वांगं ठेचता ठेचता म्हणाला,
"सावद्यात कोन वाचीन जर्मन?"
"आपण," मॅडम म्हणाल्या. "आपण पाच जण."

वाचनालयाच्या वहीत रकाने आखले.
नाव, पुस्तक, पान, तारीख, शेरा.
प्रणिता बऱ्हाटे पहिल्याच आठवड्यात दोन संपवून मोकळी.
तिच्या रकान्यातली शाई बघून
आम्ही बाकीचे एकमेकांकडे बघायचो,
दहावीच्या निकालाला बघतात तसे.

मी केळीच्या कोल्ड स्टोरेजला.
तेरा अंश, बारा महिने.
खोक्यांच्या थप्प्या, पंख्यांची घरघर,
अंगात भावाचा जुना स्वेटर
आणि दोन रीडिंगांमधल्या चाळीस मिनिटांत
एक नदीकाठचं गाव, द्राक्षांचे उतार,
नावं अशी की जीभ दोनदा ठेचकाळते.
नायिकेचं तर मला जमलंच नाही.
मी तिला शालूबाई म्हणत वाचलं.

शालूबाईच्या गावात एका रात्री हिव पडतं.
सगळं गाव उठतं,
मळ्यांच्या कडेनं ओला पेंढा पेटवतं,
कोवळ्या कोंबांवर धूर पांघरतं.
इथं मी पुस्तक मिटलं.
बाहेर पारा सातावर आला होता.
घरी जाताना, फैजपूर रोडला,
बांधाबांधावर केळीचा वाळला पाला धुमसत होता,
बागा गारठू नयेत, निसवण अडू नये म्हणून.
डोळ्यांत धूर गेला.
तो कुठल्या गावचा,
विचारलं असतं तर लगेच सांगता आलं नसतं.

वायकोळेकाका मात्र मूळ जर्मनच वाचणार म्हणून हटून बसले.
भुसावळच्या लोको शेडात चौतीस वर्षं,
त्यांची जर्मन ग्रीस लागलेल्या मॅन्युअलमधली:
दाब, झडप, डावीकडून तिसरा बोल्ट.
लांबलचक शब्दाला ते भीत नाहीत.
मालगाडी आहे म्हणतात,
कपलिंग सोडा, एकेक डबा वेगळा करा,
शेवटच्या डब्यात काय भरलंय ते आधी बघा.
पंधरा दिवसांत एकोणीस पानं.

सोळाव्या दिवशी आले ते तणतणतच.
"छपाई चुकली हो यांची.
पोरगं तापानं फणफणलंय
अन् रातभर नट मागून राह्यलं.
नट! मुटर, मुटर."
प्रणितानं शब्दकोश काढला.
मुटर: एक, आई.
दोन, नट, बोल्टवर बसतो तो.

कोणी हसलं नाही. सुपडूसुद्धा नाही.
काकांनी चष्मा काढला,
सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला, परत काढला.
"चौतीस वर्षं," म्हणाले,
"पान्यानं आवळत होतो हिला."
मग त्याच पानावर बोट ठेवून
पहिल्या ओळीपासून परत सुरू केलं,
ओठ हलवत, आवाज न करता.
शिपायानं दिवे घालवायला आणले तेव्हाही
बोट तिथंच होतं.

एकतीस तारखेला मॅडमनी वही उघडली.
स्वतःची पाच, बरोब्बर. प्रणिता सात.
सुपडू तीन, त्यातलं एक पोरांचं, चित्रांचं,
पण तो म्हणतो तेच सगळ्यात अवघड होतं.
काकांसमोर एक, पान वीस,
आणि शेऱ्यात पेन्सिलीनं:
काम चालू, गाडी हळू हाका.
माझ्यासमोर दीड.
"दोन लिहू का?" मॅडमनी हळूच विचारलं.
नको म्हटलं.
शालूबाई अजून बांधावर उभी आहे,
उजाडायचंय.
तिचा मळा वाचला की नाही,
ते वाचायचंय.